मुकी पट्टी

शिलाई मशिनं भिंतीकडे सरकवून आम्ही शेवटची सतरंजी अंथरली. वत्सलाताई शिवणक्लास बंद करून जागा सोडणार होत्या, म्हणजे एकोणीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी इथे भरणारी आमची गाण्याची बैठकही आज संपणार होती.

गुळवणीकाकांच्या पेटीची मधली एक पट्टी पहिल्यापासून मुकी. गाण्यात तो सूर आला की अख्खी खोली 'आऽऽ' करून तो भरून काढायची. नवखे गायक आधी दचकायचे, मग हसायचे.

आज वत्सलाताईंनी भावगीत सुरू केलं. तो सूर आला, आम्ही जीव खाऊन 'आऽऽ' केलं, आणि त्याच क्षणी पट्टीही खणखणीत वाजली! सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या.

"काल मिरजेला जाऊन दुरुस्त करून आणली," काका ओशाळून म्हणाले. "म्हटलं, निरोपाला तरी पेटी धड वाजावी."

"वा! एवढ्या वर्षांची आमची नोकरी शेवटच्या दिवशी घालवलीत होय?" वत्सलाताई कडाडल्या.

काकांना हसू आवरेना. त्यांनी खिशातून मिरजेच्या बसचं तिकीट काढलं, घट्ट घडी करून पट्टीखाली सारलं आणि तिला पुन्हा मुकं केलं. मग आम्ही घसे बसेपर्यंत गायलो.

आता काका नाशकात लेकीकडे असतात. परवा फोनवर सांगत होते, नातीने पेटी वाजवून बघितली आणि विचारलं, "आजोबा, ही पट्टी बिघडलीय का हो?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, बिघडली नाही गं. तिला वाजायला वीस माणसं लागतात."