करते ॲडजस्ट

बायको गेली हे कळून अर्धा तासही झाला नव्हता, तोच नर्स फिटरला म्हणाली, "काका, जरा ॲडजस्ट करा, बाहेर बसा. बेड लागणार आहे."

पलंगाखालची तिची चप्पल उचलून तो व्हरांड्यात आला. बाकावर एकाने पिशवी पसरली होती. पिशवीवाल्याने ती कणभर सरकवली. "बसा, करा ॲडजस्ट." फिटर उभाच राहिला.

तो कामाला होता त्या एसटी डेपोतून साहेबाचा फोन आला. फार वाईट झालं, म्हणाला. मग घसा खाकरून, "सुट्टीचं आपण ॲडजस्ट करू हो. पण लवकर या. ब्रेकच्या गाड्या तुंबल्यात." फिटरने फोन बंद केला. त्याच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. चार दिवस तिच्या छातीत कळा येत होत्या. दवाखान्यात चल म्हटलं की तिचं एकच: "पोरीचं जाणं होऊ द्या. तोवर करते मी ॲडजस्ट."

पोरीचं जाणं म्हणजे नोकरी. पहिलीच, दुसऱ्या शहरात. सोमवारी हजर व्हायचं होतं.

रविवारी फिटरची थोरली बहीण पोरीला जवळ घेऊन बसली. बाकीचे नातेवाईक भिंतीला टेकून होते.

"बापाकडे बघ जरा. आता तूच ॲडजस्ट करायला हवं. नोकऱ्या काय, छप्पन मिळतील."

पोरगी म्हणाली, "बरं आत्या. कळवते त्यांना, नाही येत म्हणून."

"शहाणी गं माझी बाय!" आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अगदी आईवर गेली आहे."

"खबरदार!" फिटर इतक्या जोरात ओरडला की दारातला मेहुणा दचकून उठला. "पुन्हा ॲडजस्ट हा शब्द या घरात काढायचा नाही. ब्रेकचा स्क्रू किती आवळशील, ताई? एक दिवस त्याचे आटे संपतात. हिच्या आईचे संपले. आपण सगळ्यांनी मिळून संपवले. पोरगी उद्या तिथे हजर होणार."

"बाबा, पण तुम्ही…"

"तुला विचारलं का मी? बॅग भर!"

बहीण फणकारली. "आणि तुझं कोण बघणार रे? साधा चहा तरी येतो का तुला?"

"माझं मी बघेन."

तो तरातरा स्वयंपाकघरात शिरला. फळीवर सगळे डबे एकसारखे. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. बायकोला कधी गरजच पडली नव्हती. त्याने पहिला डबा उघडला. मीठ. दुसऱ्यात रवा. तिसऱ्याचं झाकण निघेना, म्हणून त्याने तो पोटाशी धरून ओढला. त्यात डाळ होती.

चहाची पूड अजून सापडायची होती.