पाव फेरा डावीकडे

"सांगतो, पण विश्वास ठेवू नकोस. तुझ्या जागी मी असतो, तर मीही ठेवला नसता," असं मेहुण्याला बजावून व्यंकोबा मिस्त्री जेवायला बसले. मीनाक्षीबाईंनी नवऱ्यापुढे आणि भावापुढे केळीची पानं मांडली, रीतीप्रमाणे शेंडा डाव्या हाताला.

गोष्ट जीपची होती. इन्नंबूरच्या जमीनदाराची ही लढाईतली जुनी जीप बांधावर पोट घासायची, म्हणून व्यंकोबांनी कमानींत जादा पाटे घालून ती उंच केली. तेव्हापासून चाकं सरळ असली तरी स्टिअरिंग वाकडं दिसू लागलं. हे नेहमीचंच. त्यांनी खालचा दांडा सैल करून स्टिअरिंग मधोमध आणलं, त्याच्या माथ्यावर खडूची रेघ ओढली आणि जीप तिरुनागेश्वरमपर्यंत पळवली. सुतासारखी सरळ गेली.

कापी पिऊन परत आले, तर रेघ पाव फेरा डावीकडे. चाकं मात्र सरळच.

"तीनदा बसवलं, चंद्रमौली. तीनदा तेच! माझ्या हाती आलेली पहिली जीप. वाकडी दिली असती, तर पुढे कुणी सायकलसुद्धा आणली नसती."

"मग, भावोजी?"

"चौथ्यांदा जीपपुढे हात जोडले. म्हटलं, बाई, माझं नाव राख. रेघ वरच राहिली. जीप गेली, विषय संपला."

मीनाक्षीबाई भात वाढायला वाकल्या आणि थांबल्या. चंद्रमौलीच्या पानाचा शेंडा डावीकडेच होता. व्यंकोबांच्या पानाचा शेंडा त्यांच्या पोटाकडे वळला होता.

"खोटं," त्या शांतपणे म्हणाल्या. "संपला असेल, तर मी सरळ मांडलेलं तुमचं पान रोज कोण फिरवतं?"