चौदा फाट्यांचा राक्षस

“हे बाण नाहीत, कुंपणाचे खांब आहेत,” ड्वेन म्हणाला आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरचा बाण त्याने दोन बोटांत धरून उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा.

मार्लिसने तो नवऱ्याच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा काट्यावर ठेवला. तिचा खांदा दुखरा, म्हणून धनुष्य कमी ताणाचं. कमी ताणाच्या धनुष्याला वजनदार बाण हवा, एवढं तिला ठाऊक होतं. बाणांच्या टोकांना तिने साधे फाळ बसवले होते: दोन धारांचे, अखंड पोलादाचे, हातावरची लव सहज भादरतील इतके पाजळलेले.

ड्वेनचे फाळ म्हणजे नुसता थाट. हिरव्या मानेचे, उडताना पाती मिटलेली, लागताक्षणी छत्रीसारखी उघडणारी. खाली काडीसारखे हलके बाण. प्रत्येक फाळावर तो आपल्या नावाचं अक्षर कोरून ठेवी, कारण मार्लिसचा भाऊ लाइल नेलेली वस्तू कधी परत करत नसे. लाइल आत्ताही तिथेच बसून त्यांचीच बिअर पीत होता.

“वेग लागतो, वेग!” ड्वेन म्हणाला. “माझ्या राक्षसाचं काय झालं? बाण आरपार!”

राक्षस म्हणजे दोन वर्षांपूर्वी त्याने ओढ्याकाठच्या मचाणावरून मारलेला हरणाचा नर. बाण आरपार गेला, नर ओढ्यात कोसळला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. पाहिलं कोणीच नव्हतं. सुरुवातीला त्याच्या शिंगांना दहा फाटे होते, गेल्या वर्षी बारा झाले आणि यंदा शिकारीचा मोसम उघडायच्या आत चौदा. मेल्यावरही शिंगं वाढणारं असं हरीण सगळ्या विस्कॉन्सिनमध्ये दुसरं नव्हतं.

भांडण खरं तर मचाणाचं होतं. हरणं ओढ्यावर येत, आणि तिथे ड्वेन बसे. मार्लिसच्या वाट्याला कायम कचरा डेपोकडचं मचाण. तिथे यायचा तो वास आणि कावळे. लग्न झाल्यापासून तिने तो वास नाकात भरून घेतला होता. आता तिला त्याचा अगदी वीट आला होता.

“याच खांबांनी यंदा नर पाडला, तर ओढ्याचं मचाण माझं,” ती म्हणाली. “कायमचं.”

“दिलं!” ड्वेन खदखदून हसला. “पण आपला नियम विसरू नकोस. पहिलं रक्त ज्याच्या बाणाने, हरीण त्याचं.”

लाइलने तोंड कडू केलं. याच नियमावर बोट ठेवून ड्वेनने गेल्या वर्षी त्याचं हरीण लाटलं होतं. ड्वेनचा बाण त्या हरणाच्या कानाला जेमतेम चाटून गेला होता.

मोसम सरत आला तेव्हा डेपोकडून एक नर चालत आला. आठ फाट्यांचा, अंगाने भरलेला, उजव्या पायाने किंचित लंगडणारा. मार्लिसने श्वास रोखला आणि बाण सोडला. खांब बरगड्यांतून निघून पलीकडे मातीत रुतला. नर थोडा धावला आणि तिच्या डोळ्यांदेखत कोसळला. ती मचाणावरच रडली, आणि मग हसली, कारण डेपोचा वास आता कायमचा सुटला होता.

गॅरेजमध्ये हरीण टांगून ड्वेनच सोलायला लागला. तिच्या हाताने मांस वाया जाईल म्हणे. हरलेला माणूस जेवढी कुरकुर करू शकतो तेवढी तो करत होता. उजव्या खांद्याच्या फऱ्यापाशी त्याच्या सुरीला टक्क आवाज आला. हाडाला एक गाठ होती. त्याने ती फोडली आणि आतलं काहीतरी चटकन मुठीत घेतलं.

“काय आहे रे?” लाइलने विचारलं.

“काही नाही. हाडाचा तुकडा.”

लाइलने त्याची मूठ उघडली. आत गंजका फाळ होता. एक पातं उघडलेलं, बाकीची मिटलेलीच. मान हिरवी. लाइलने अंगठ्याने गंज पुसला, कोरलेलं अक्षर पाहिलं, मग उठून हरणाचा जबडा फाकवला आणि दात पाहिले.

“साडेतीन वर्षांचा आहे,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे दोन वर्षांपूर्वी, तुझा राक्षस पडला तेव्हा… याला बोटभर शिंगं असतील, ड्वेन. फाटा एकही नाही.”

ड्वेनचे कान लाल झाले. आणि तेव्हाच मार्लिसला नियम आठवला. पहिलं रक्त! फाळ ड्वेनचा असेल तर हरीण ड्वेनचं, पैज ड्वेनची आणि मचाणही ड्वेनचं. त्याने नुसतं ‘हो’ म्हणायची खोटी होती. ड्वेनच्याही ते ध्यानात आलं. त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

“बोल ना,” ती म्हणाली. “तुझा आहे का हा?”

ड्वेनने फाळाकडे पाहिलं. हरणाकडे पाहिलं. मग लाइलकडे पाहिलं, ज्याच्या पोटात आजवर एकही गोष्ट राहिली नव्हती.

“छे,” तो म्हणाला. “असले फाळ कोणीही वापरतं.” आणि त्याने तो खिळ्यांच्या डब्यात भिरकावला.

शुक्रवारी सगळे गावच्या गुत्त्यात तळलेले मासे खायला जमले. मार्लिसच्या हरणाचं कौतुक झालं आणि ओढ्याचं मचाण आता तिचं, हेही सर्वांना कळलं. ड्वेनने मग घसा खाकरला आणि आपल्या राक्षसाची गोष्ट काढली. या खेपेला फाटे सोळा होते. लाइलने बोलायला तोंड उघडलं. मार्लिसने टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट हाणला.

“लाजून कमी सांगतोय तो,” ती सगळ्यांना म्हणाली. “अठरा होते.”