चालून दाखव

रविवारी चार वाजता खो-खोची फायनल, आणि शुक्रवारी रुचिकाचा घोटा मुरगळला. डॉक्टर इंजेक्शन द्यायला तयार होते, पण तिचे वडील सदाशिवराव ऐकेनात.

"खेळासाठी सुई? काही जरूरत नाई. रविवारी आष्टीचे पाहुणे तिले पाहाले येऊन राह्यले. घरी बस म्हण तिले."

"बरोबर हाय तुमचं," अनुसयाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "फक्त पाहुणे चालून दाखव म्हणतील, अन् पोरगी लंगडत जाईल."

सदाशिवरावांचा घास हातातच राहिला. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच लेकीला स्कूटरवर दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घोट्यात इंजेक्शन दिलं; संध्याकाळपर्यंत दुखणार नाही म्हणाले.

साडेतीनला पोहे झाले. मुलाची आत्या म्हणाली, "बाई, जरा चालून दाखव."

रुचिका चालली. बैठकीतून ओसरीत, ओसरीतून अंगणात, अंगणातून फाटकाबाहेर, आणि तिथून तडक शाळेच्या ग्राउंडकडे.

सदाशिवराव बायकोच्या कानाशी पुटपुटले, "आता साडी नेसून खेळन काय ते?"

अनुसयाबाईंनी पोह्यांच्या बशा शांतपणे गोळा केल्या.



"साडी वरूनच हाय. आतून खेळाचा ड्रेस मीच घालून देल्ला."