शंभर टक्के प्रवेश

सालाबादप्रमाणे कुंदाने विद्यापीठाच्या खिडकीशी येऊन यंत्रावर अंगठा टेकवला. पडद्यावर तेच उमटलं: ‘तुमची निवड होणार नाही, म्हणून अर्ज मिळणार नाही.’ वर भिंतीवर मोठा फलक झळकत होता: ‘प्रवेशाचं प्रमाण शंभर टक्के.’

“यंत्राचा अंदाज कधी चुकत नाही, ताई,” खिडकीतले डोईफोडे कारकून म्हणाले. “तिसऱ्यांदा कशाला हेलपाटा घातलात?”

कुंदाने पिशवीतून घड्यांवर फाटलेलं एक पत्र काढलं. याच विद्यापीठाने ते तिच्या वडिलांना पाठवलं होतं, आणि त्यांनी जन्मभर जपलं होतं. ‘आपला अर्ज वाचला. प्रवेश देता येत नाही, याचा खेद वाटतो.’ खाली शाईची सही होती.

“प्रवेश नका देऊ, साहेब,” ती म्हणाली. “पण माझाही अर्ज एखाद्या माणसानं वाचावा, आणि मग नाही म्हणावं.”