विधाने खरी माना

खोलीत अकरा बाके होती, एकतीस मुलं-मुली आणि दोन पंखे, त्यातला एक बंद. भिंतीला औषधांच्या तीन रिकाम्या मांडण्या. ओळीने दोन हंगाम बियाणे खपले नाही तेव्हा महादेवरावांनी आपले कृषी केंद्र मिटवले आणि त्याच जागेत भरती परीक्षांचा क्लास काढला. कीटकनाशकाचा वास अजून गेला नव्हता.

फळ्यापाशी अंकुर उभा होता. तो तत्त्वज्ञानाचा एम.ए. अकोटात तर्कशास्त्र खपत होते ते ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या नावाने, म्हणून तो ते शिकवत होता. सकाळपासूनची ही चौथी बॅच.

महादेवराव दारात आले. “सर, आजच्या टेस्टची सरासरी चौदाच्या वर पाहिजे. वीसपैकी. नाही तं सोमवारपासून तुमचा विषय गणिताचे सर घेतीन. मले पोरं टिकवा लागते.”

अंकुरने मान हलवली आणि फळ्यावर लिहिले : सर्व कावळे पेन आहेत. सर्व पेन टेबल आहेत. त्याखाली नेहमीची सूचना : विधाने खरी माना.

“काहून माना?” दुसऱ्या बाकावरून मिस्बाहने विचारले. तिला तलाठी व्हायचे होते. “कावळा पेन नसते, सर.”

“नसतो. पण परीक्षेत ते विचारत नाहीत. निष्कर्ष काढायचा आणि पुढे जायचं.”

“मंग खरं-खोटं कोन पाहते?”

सरावाचे चाळीस प्रश्न बाकी होते. तरी अंकुरने फळा पुसला. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे न्यायशास्त्राचे पंडित यावरच भांडत होते, असे म्हणून त्यांचे उदाहरण लिहिले : डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे.

“बाहेर बघा.” खिडकीतून कापसाच्या जिनिंग कारखान्याचे पत्रे दिसत होते आणि त्यांच्यावर करडा-पांढरा पट्टा. “आग आहे का तिथे?”

“हाय,” बरेच जण म्हणाले.

“धूर नाही तो,” मिस्बाह म्हणाली. “माहे अब्बा तिथंच कामाले हायेत. रुईचा फुफाटा हाय. घरी येतेत तं भुवया पांढऱ्या रायतेत.”

“त्या लोकांचंही हेच म्हणणं होतं. आगीचं नंतर, आधी तो धूर आहे का ते पाहा. धुकं असेल, धूळ असेल. यावर पोथ्याच्या पोथ्या लिहिल्यात.”

“त्याइचं पोट कशावर चाले, सर?” मागच्या बाकावरून शाकीबने विचारले.

“राजापुढे वाद व्हायचा. जिंकला त्याला गाई.”

“अन् हारला त्याले?”

“त्याने दुसरा राजा शोधायचा.”

“गाई कोन चारे?”

“शिष्य.”

वर्ग हसला. “मंग आमी वाचलो,” शाकीब म्हणाला. “तुमाले तं गाई नाही भेटत.”

“नाही. मला तुमची सरासरी भेटते.”

बोलण्यात सराव राहूनच गेला. अंकुरने प्रश्नपत्रिका वाटल्या. कावळे, पेन, टेबल. एरवी सगळ्यांचे पेन सरसर चालत. आज मधूनच थांबत होते. मिस्बाह पहिल्याच प्रश्नावर अडली होती. चार-पाच जण मान वर करून जिनिंगकडे बघत होते. थांबू नका, पुढे चला, असे अंकुर दर टेस्टला दोन-तीनदा तरी म्हणत असे. आज तो नुसता खिडकीशी उभा राहिला.

पेपर महादेवरावांनी स्वतः तपासले. मिस्बाहला नऊ. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, तीनशे सत्याऐंशी. त्या आकड्याला एकतीसने भागले.

सरासरी बारा पूर्णांक अठ्ठेचाळीस.