उघडे वस्तरे

वडील गेल्यावर न्हाव्याने त्यांचे सगळे वस्तरे काचेच्या पेटीत मखमलीवर मांडले आणि पेटी दुकानाच्या भिंतीवर लावली. मिटलेले वस्तरे काही शोभून दिसेनात, म्हणून पाती उघडीच ठेवली. वडिलांची शिस्त वेगळी होती. गिऱ्हाईक खुर्चीत असेल तेवढाच वेळ वस्तरा उघडा. एक गाल झाला की तो चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा, मग दुसरा गाल.

दुसऱ्याच सकाळी मधल्या पात्यावर साबणाचा ओला फेस दिसला. न्हाव्याने काच काढली, पातं पुसलं, काच बसवली. मग रोजच तसं होऊ लागलं. आधी तो घाबरला, पुढे नुसता वैतागला. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, त्यात हे एक वाढीव काम.

आज फेसात केस होते, काळे आणि बारीक. पुसायचंही त्राण उरलं नाही. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीतच टेकला.

बायको चहा घेऊन आली आणि हसली. “अहो, न्हावी ना तुम्ही? मग अर्धीच दाढी?”

त्याने आठवडाभर दाढीला हात लावला नव्हता. आता लावला. डावा गाल तुळतुळीत होता.

मागे पट्टा सपसप वाजू लागला.